घरचा रोलर की क्लिनिकमधलं मायक्रोनीडलिंग?

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं गालांवरचे मुरमांचे खड्डे घालवायला ऑनलाइन डर्मारोलर, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचा बारीक सुयांचा छोटा रोलर, मागवला. महिनाभर वापरून झाल्यावर तो उजेडात धरून पाहिला, तर दोन सुया वाकलेल्या. वाकलेली सुई टोचत नाही, ओरबाडते. म्हणून हे लिहितेय.

घरच्या रोलरच्या सुया साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या. त्या वरच्या थरापुरत्याच. चेहरा थोडा तजेलदार वाटेल, सीरम जास्त मुरेल, पण खड्डे भरणार नाहीत. त्यासाठी नवं कोलॅजन, म्हणजे त्वचा भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला हवं, आणि सुई खालच्या थरापर्यंत जायला हवी.

क्लिनिकमधल्या मायक्रोनीडलिंगला, म्हणजे त्वचेला बारीक सुया टोचण्याच्या उपचाराला, डॉक्टर पेनसारखं सुयांचं यंत्र वापरतात. आधी अर्धा-पाऊण तास बधिर करणारं क्रीम. मग निर्जंतुक सुयांचं नवं टोक. ते आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, त्यात लाजू नका. रोलरची सुई तिरकी शिरते, पेनची सरळ. खोलीही जागेनुसार बदलता येते, कपाळावर कमी, गालावर जास्त. रक्ताचे बारीक ठिपके येतात, चेहरा दोन-तीन दिवस लाल राहतो. चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार बैठका तरी लागतात, त्यामुळे खर्चही वाढतो.

आपल्या सावळ्या कांतीवर डाग लवकर उमटतात. घोडबंदर रोडवर रोज दुचाकीनं जाणाऱ्यांनी सनस्क्रीनशिवाय यातलं काहीच करू नये. ताजी मुरमं असतील किंवा जखमेचे व्रण फुगत असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा.

बहिणीला मी क्लिनिकच सुचवलं. लग्न डिसेंबरात आहे, पहिली बैठक जुलैतच.