५६ अंशांची सँड वेज: आठ महिन्यांनंतर वाळूचे समाधान, ग्रिपचा संताप

गोल्फमध्ये बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढण्यासाठी जानेवारीत साडेचार हजारांना घेतलेल्या या ५६ अंश लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या बाजूचा, कल) आणि १४ अंश बाउन्सच्या (तळ धारेपेक्षा खाली उतरण्याचा कोन) वेजबद्दल मी मार्चमध्ये लिहिले असते, तर सगळा राग सोलवर, म्हणजे क्लबच्या (काठीच्या) तळावर, निघाला असता. आता ऑगस्टमध्ये लिहिताना तो राग ग्रिपवर, म्हणजे मुठीच्या आवरणावर, आहे, आणि मार्चमधले माझे मत चुकीचे होते हे आधी कबूल करतो.

माझी अडचण उतरत्या लायची, म्हणजे चेंडू उतारावर पडलेला असण्याची, होती. चेंडू बंकरच्या मागच्या कडेला थांबला की पायाखालची वाळू ग्रीनच्या (झेंडा असलेल्या हिरवळीच्या) दिशेने उतरते, आणि मी मात्र सपाट जमिनीवर उभा असल्यासारखा ताठ उभा राहत असे. मग क्लब चेंडूच्या बराच आधी वाळूवर आदळून उसळे, त्याची धार चेंडूच्या पोटात बसे आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत जाई. हा दोष १४ अंशांच्या बाउन्सचा आहे असे ठरवून मी वेज निम्म्या किमतीत विकायला काढली होती. तेव्हा नेहमीच्या कॅडीने (माझी बॅग वाहणाऱ्याने) एकच वाक्य सांगितले : "साहेब, खांदे उताराला लावा." खांदे उताराला समांतर करून, वजन खालच्या पायावर ठेवून, चेंडू किंचित मागे घेऊन आणि क्लबला चेंडूनंतरही उताराबरोबर खाली जाऊ देऊन मारल्यावर तीच वेज निमूटपणे वाळूतून सरकू लागली. चेंडू खालून निघतो आणि ग्रीनवर बराच घरंगळतो, तेव्हा झेंड्याशी तो थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. अमेरिकी गोल्फपटू जीन सारझेन यांनी १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली ती अशाच जाड सोलचा क्लब हाती घेऊन. क्लब वाळूत रुतू नये म्हणूनच तो सोल असतो, आणि मी त्यालाच गुन्हेगार ठरवले होते.

चढत्या लायवर उलट घडते. उतार दहा अंशांचा असेल आणि शरीर त्याला समांतर असेल, तर ५६ अंशांचा लॉफ्ट ६६ अंशांसारखा वागतो आणि चेंडू उंच उडून जेमतेम बंकरबाहेर पडतो. तिथे मी ५२ अंशांची वेज वापरतो, म्हणजे या खरेदीचा तिथे काहीच उपयोग नाही. पुण्याच्या पावसाळ्यात वाळू भिजून घट्ट बसली की बाउन्स खरोखर त्रास देतो, म्हणून तेव्हा फेस कमी उघडतो, म्हणजे आकाशाकडे कमी वळवतो.

आता ग्रिप. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर क्लब आखूड धरावा लागतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो म्हणून नेम थोडा उजवीकडे धरावा लागतो. शिवाय बंकरमध्ये पाय रोवल्याने आपण जेवढे खाली जातो तेवढे हातही खाली घ्यावे लागतात. म्हणजे उतारावर सगळी भिस्त ग्रिपच्या खालच्या, निमुळत्या दोन इंचांवर असते, आणि नेमके तेच दोन इंच जुलैच्या एका शनिवारी माझ्या हातात सुटून फिरले. फेस बंद झाला आणि चेंडू बंकरच्या भिंतीत जाऊन रुतला. २०१९पासून दोन दंडाचे फटके घेऊन चेंडू बंकरबाहेर टाकता येतो. ती सवलत मी त्या दिवशी मुकाट्याने घेतली.

दुकानदाराचे म्हणणे असे की ग्रिप ही झिजणारी वस्तू असून तिला वॉरंटी नाही. झिजण्याबद्दल माझा वादच नव्हता. आतला टेप खालच्या टोकापर्यंत लावलेलाच नव्हता, आणि ते मी त्याच्यासमोर ग्रिप उलटून दाखवले. तरीही नव्या ग्रिपचे व बसवण्याचे मिळून ९०० रुपये मागण्यात आले. क्लबच्या किमतीचा पाचवा हिस्सा दोन इंच टेपसाठी देणे मला पटले नाही. साडेतीनशेची ग्रिप मागवली, दुहेरी चिकट टेप शाफ्टवर (दांड्यावर) अगदी खालपर्यंत लावला, पेट्रोल ओतून ती घरीच बसवली, आणि दिवसभर वास राहिल्यामुळे सौभाग्यवतींची बोलणीही खाल्ली.

ग्रिपवरचे चिन्ह किंचित डावीकडे वळून बसले आहे, त्यामुळे फेस उघडताना चिन्हाकडे न पाहता धारेकडे पाहावे लागते. गेल्या तीन आठवड्यांत मात्र ती हलली नाही. वेज चांगली आहे. घेताना खालचे टोक पिळून पाहावे.