विजापूर रस्त्यावरचे ‘हवा-पंक्चर’: चारचाकीत नेमकी किती हवा भरावी?

सोलापुरातून विजापूर रस्त्याने जुळे सोलापूरच्या बाजूला जाताना रस्त्याच्या कडेला ट्रकचा एक जुना टायर उभा केलेला दिसतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात ‘हवा-पंक्चर’ एवढीच अक्षरे लिहिलेली आहेत. या दुकानाला दुसरे नाव नाही. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, पंक्चर शोधण्यासाठी पाण्याची टाकी आणि साठीकडे झुकलेले एक काका, एवढाच त्याचा पसारा आहे. गेले आठ महिने मी माझी गाडी हवेसाठी फक्त येथेच नेते. गाडी चालवायला लागून मला बारा वर्षे झाली, परंतु टायरमध्ये किती हवा असावी हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाचे सरळ उत्तर मला याच दुकानात मिळाले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दिवशी मी सवयीने “काका, पस्तीस टाका” असे म्हटले. त्यांनी नळी हातात घेतली, पण चाकाला लावली नाही. “ताई, आधी तुमच्या बाजूचं दार उघडा की जरा,” असे म्हणून त्यांनी दाराच्या चौकटीच्या खांबावर चिकटवलेली पट्टी मला दाखवली. त्या पट्टीवर टायरचा आकार, तिघांपर्यंत प्रवासी असताना चारही चाकांसाठी ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक), आणि पूर्ण भार असताना पुढे ३३ व मागे ३६ असे आकडे स्पष्ट छापलेले होते. काही गाड्यांत हीच पट्टी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते आणि गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतही तेच आकडे दिलेले असतात. पाच वर्षे मी ते दार रोज उघडत होते, पण पट्टी एकदाही वाचली नव्हती. माझे ‘पस्तीस’ कोठून आले होते, हे मला सांगता आले नाही. बहुधा कोणत्या तरी पंपावर ऐकलेला आकडा मी तसाच धरून ठेवला होता.

त्यानंतर त्यांनी टायरच्या बाजूवर कोरलेला ५१ हा आकडा दाखवला. हा आकडा पाहून पुष्कळजण गोंधळतात. टायर थंड असताना तो जास्तीत जास्त किती दाब सहन करू शकतो, याची ती मर्यादा असते. गाडीत किती हवा भरावी हे त्यातून कळत नाही. एकच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसत असल्यामुळे योग्य दाब हा टायर बनवणारा नव्हे, तर गाडी बनवणारा ठरवतो. टायर गाडीच्या कंपनीने दिलेल्या मूळ आकाराचेच आहेत ना, हेही काकांनी विचारून घेतले, कारण आकार बदलून रुंद टायर बसवले असतील तर पट्टीवरचे आकडे डोळे झाकून वापरता येत नाहीत.

या दुकानाची खरी किंमत मला कळली ती एप्रिल महिन्यात. आम्ही पाचजण सामानासह विजापूरला निघालो होतो. सकाळी काकांकडून पुढे ३३ आणि मागे ३६ अशी हवा भरून घेतली. भीमा ओलांडल्यावर एका पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा तेथील मुलाने आपणहून हवा तपासली. पुढच्या चाकांत ३८ आणि मागच्या चाकांत ४१ दिसत होते. “उन्हाळ्यात एवढी हवा ठेवली तर टायर फुटतो,” असे सांगून त्याने चारही चाकांतली हवा ३३ पर्यंत उतरवली, आणि मीही ती उतरवू दिली. विजापूर गाठून, गोलघुमट पाहून, तितक्याच माणसांसह आम्ही संध्याकाळी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले तर चारही चाकांत २८ ते २९ पीएसआय इतकीच हवा होती. मागच्या चाकांसाठी भरलेल्या गाडीत ३६ हवी होती. म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरचा परतीचा प्रवास आम्ही सात-आठ पीएसआय कमी हवेवर, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या डांबरावरून केला होता.

काकांनी त्या मुलाला दोष दिला नाही, परंतु कारण नीट समजावून सांगितले. चालत्या गाडीचा टायर सतत दबतो आणि फुगतो, त्यामुळे तो तापतो, आतली हवा तापते आणि दाब चार-पाच पीएसआयने वाढतो. ही वाढ गृहीत धरूनच पट्टीवरचा आकडा थंड टायरसाठी दिलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर दाब पट्टीच्या खूप खाली जातो. कमी हवेचा टायर बाजूने अधिक वाकतो, अधिक वाकल्याने अधिक तापतो आणि टायर फुटण्याचा धोका त्यातूनच वाढतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा आपल्याकडे घरोघरी सांगितला जाणारा सल्ला नेमका उलट परिणाम करतो, आणि सोलापूरसारख्या गावात, जेथे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तो सल्ला अतिशय धोक्याचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेल्या गाडीचा टायर. माझे घर या दुकानापासून जेमतेम एक किलोमीटरवर असल्याने सकाळी केलेली मोजणी विश्वासार्ह ठरते. लांबून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत काका हवा अजिबात उतरवत नाहीत. कमी वाटली तर पट्टीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवायला सांगतात. बाहेरच्या तापमानाचाही हिशोब असतो. साधारण पाच-साडेपाच अंशांच्या फरकाला एक पीएसआय असे प्रमाण धरले, तर मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत ३३ भरलेली हवा डिसेंबरच्या १५ अंशांच्या पहाटे, एक थेंबही गळती नसताना, २८-२९ वर आलेली दिसेल. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते. म्हणून महिन्यातून एकदा तपासणी आवश्यकच आहे.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे पाहण्यासाठी मी स्वतःचा एक डिजिटल गेज (दाब मोजण्याचे उपकरण) विकत घेतला. काकांच्या कॉम्प्रेसरवरचा काट्याचा गेज माझ्या गेजपेक्षा सातत्याने एक पीएसआय जास्त दाखवतो. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी खिशातला पेनाच्या आकाराचा गेज काढून तिसऱ्यांदा मोजले आणि तो माझ्या गेजशी जुळला. तेव्हापासून ते कॉम्प्रेसरने भरून शेवटची मोजणी खिशातल्या गेजने करतात, आणि प्रत्येक वेळी आकडा गिऱ्हाइकाला दाखवतात. काही ठिकाणी यंत्रावर आकडा किलोपास्कल किंवा बारमध्ये दिसतो. २३० किलोपास्कल किंवा २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

नळी काढल्यावर ते वॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का, ते पाहतात. तीन चाकांत महिन्याला एक पीएसआय कमी होत असताना मागच्या डाव्या चाकात चार कमी झाल्याचे त्यांच्याच लक्षात आले; टायरला पंक्चर नव्हते, वॉल्व्हची पिन झिजली होती आणि ती बदलल्यावर गळती थांबली. स्टेपनी तपासायची आठवणही तेच करतात. माझ्या गाडीची स्टेपनी अरुंद, तात्पुरत्या वापराची आहे आणि तिच्यावर ६० पीएसआय असे लिहिलेले आहे. पहिल्यांदा मोजली तेव्हा तिच्यात २२ होती.

उणिवाही सांगायला हव्यात. येथे व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग होत नाही. कॉम्प्रेसर लहान असल्यामुळे स्टेपनीत ६० पर्यंत हवा भरायला बराच वेळ लागतो, आणि आधी एखादी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असेल तर अर्धा तास थांबावे लागते. गिऱ्हाइकाला बसायला सावली नाही. नायट्रोजनही मिळत नाही, परंतु त्याची मला उणीव वाटत नाही. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि नायट्रोजन भरला तरी तापल्यावर दाब वाढतोच व महिन्याची तपासणी टळत नाही.

चार चाकांच्या हवेचे ते २० रुपये घेतात आणि स्टेपनीचे १० वेगळे. दुकान सकाळी साडेसातला उघडते, सोमवारी बंद असते. आठच्या आत गेलात तर गर्दी नसते आणि टायरही थंड असतात. जाताना दाराची पट्टी मात्र घरीच वाचून जा, कारण ती पुसट झाली असेल तर काका पुस्तिका मागतात आणि ती पाहिल्याशिवाय चाकाला नळी लावत नाहीत.