गाणं ऐकून आकार सुचतो का? टेस्टसाठी टिकमार्क घ्यायचा की कोरा कागद?

टीवायच्या प्रोजेक्टला किंवा नुसत्या आवडीने कुणी हे तपासणार असेल तर आधी एकच ठरवायचं, लोकांना दोन आकार दाखवून एक निवडायला सांगायचं की पेन्सिल देऊन काढायलाच लावायचं.

निवडीची पद्धत जुनी आणि सोपी. कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये अर्थ नसलेले शब्द देऊन टोकदार आणि गोलसर आकृत्या जुळवायला लावल्या, २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांच्यामुळे तेच 'बूबा-किकी' म्हणून गाजलं (बूबा म्हटलं की गोलसर आकार, किकी म्हटलं की टोकदार), २०२२ मध्ये २५ भाषांच्या लोकांवर तपासलं तेव्हा साधारण ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. शब्दांच्या जागी सूर ठेवा, झाली आपली टेस्ट. फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरतो, हिशोबही सरळ आहे, एका जोडीवर २० पैकी १५ जणांनी एकच आकार निवडला तर तो नुसता योगायोग असायची शक्यता कमी. फक्त लोक विरार लोकलमध्ये उभ्याने फॉर्म भरणार हे धरून चाला आणि इअरफोनची अट घालाच.

पण गोची अशी की तबला ऐकून कुणी गोल निवडला तर आवाजच गोल वाटला की तबला गोल असतो म्हणून निवडला, हे टिकमार्कवरून कळत नाही. कागद दिलात तर एखादा सरळ तबलाच काढेल आणि तुम्हाला लगेच कळेल, शिवाय "हे टोक कुठे आलं?" असं विचारता येतं. वेळ मात्र प्रचंड जातो, "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांना समजवत बसावं लागतं, आणि टोकं मोजायला असा माणूस हवा ज्याला कुठलं चित्र कुठल्या क्लिपचं हे माहीतच नाही.

काहीही निवडा, खरी मेहनत क्लिपवर घ्या. सतार विरुद्ध तबला असं करूच नका. एकाच सतारीवर, त्याच पट्टीत, त्याच लयीत 'सा ग प' एकदा प्रत्येक सुरावर आघात करून आणि एकदा मींडेने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत, वाजवून घ्या, म्हणजे वाद्य ओळखलं तरी दोन्हीकडे तेच असल्यामुळे फरक सूर कसे जोडलेत एवढ्याचाच उरतो. पट्टी बदललीत तर सगळं बिघडेल कारण उंच सूर लोकांना तसाही बारीक आणि टोकदार वाटतो, खर्ज मोठा वाटतो. आवाजाची पातळीही सारखी करून घ्या.

मला विचाराल तर वेळ कमी असेल तर निवडच घ्या, पण त्याआधी पाच-सहा जणांना दादरला कुणाच्या तरी घरी बसवून चित्रं काढून घ्या आणि फॉर्ममधले दोन आकार त्यांच्याच रेषांमधून उचला, नेटवरची तयार चांदणी नको. आकार सारख्या मापाचे, काळ्या रेघेचे, आणि डावी-उजवी बाजू प्रत्येकाला बदलून.