दहा गेज सांगून बारा गेजची जाळी गळ्यात मारली

सांगोला तालुक्यात आमची एकरभर डाळिंबाची बाग आहे. बागेला लागूनच घर, आणि माल निवडायला पत्र्याची शेड. दोन वर्षांपूर्वी तोडणी चार दिवसांवर आली असताना एका रात्रीत कडेच्या दोन ओळी कुणीतरी साफ केल्या. ओरबाडून नाही, कात्रीने देठ कापून. चोरही डाळिंबवालाच असावा, इतकी सफाई होती. काटेरी तारेचे पाच पदर बांधावर होतेच, पण त्यातून शेळी जाते तिथे माणसाला काय अडचण? बायको म्हणाली, यंदा दुसरा कसलाही खर्च काढू नका, आधी जाळी मारा.

सांगोल्यातल्या दोन दुकानांत भाव काढले. दोघेही फुटाला २१५च्या खाली येईनात. तेवढ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुंपणाचं काम घेणारा, लांबच्या जिल्ह्यातला माणूस जाळीवर उभा राहून उड्या मारतोय, जाळी जराही वाकत नाही. फोन केला, तिसऱ्या दिवशी गडी दारात हजर. बोलायला गोड, चहा घेतानाही बशी दोन्ही हातांनी धरणारा. बांधाबांधाने टेप धरली, गेट सोडून ८६० फूट भरलं. ठरलं ते असं: पाच फूट उंच जाळी, तीन इंची घर, दहा गेज जाडीची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार, दर आठ फुटांवर खांब म्हणून चाळीस बाय चाळीस बाय पाच मिलिमीटरचा सात फुटी लोखंडी अँगल, दोन फूट खड्डा, त्यात काँक्रीट, शिवाय काटेरी तारेच्या दोन ओळी. मजुरीसकट फुटाला १८५ रुपये. म्हणजे १,५९,१०० रुपये.

"पक्कं बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के जीएसटी लागेल, मालक. बघा, तुमची मर्जी."

मी मनातल्या मनात अठ्ठावीस हजार वाचवले आणि कच्च्या पावतीवर मान डोलावली. त्या पावतीवर काय लिहिलं होतं? 'जाळी काम, ८६० फूट.' गेज नाही, अँगलची जाडी नाही, वजन नाही. बाकीचं सगळं तोंडी.

मी अगदीच भोळा नाही. त्याने दिलेला जाळीचा वीतभर तुकडा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊन व्हर्नियरने मोजून आणला होता. ३.२५ मिलिमीटर, म्हणजे चोख दहा गेज. नमुना खरा होता, म्हणूनच पुढचं काही तपासावंसं वाटलं नाही.

गेजचा हिशोब उलटा असतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आकडा वाढला की तार बारीक होते. आठ गेज ४.०६ मिलिमीटर, दहा ३.२५, बारा २.६४ आणि चौदा २.०३. दहा आणि बारा शेजारी ठेवले तर फरक जेमतेम ०.६ मिलिमीटरचा. नुसत्या नजरेने तो कळत नाही, जाळी विणलेली असताना तर नाहीच. पण वजन जाडीच्या वर्गाने घटतं. पाच फूट उंच, पन्नास फूट लांब, तीन इंची घराचं बंडल दहा गेजमध्ये ४२ किलोच्या आसपास भरतं. तेच बारा गेजमध्ये २८ किलो. हे गणित आज तोंडपाठ आहे, तेव्हा नव्हतं.

टेम्पो आला त्या दिवशी आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. टेम्पोतला एक पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, एकेक बंडल खांद्यावर टाकून बांधाकडे निघाला. तिसऱ्या खेपेला त्याने दोन्ही खांद्यांवर एकेक घेतलं. आई म्हणाली, "आरं, लोखंडाचं हाय न्हवं? पोरगं तर कडब्याची पेंढी उचलल्यावानी चाललंय." मी हसलो. ठेकेदार माझ्यापेक्षा मोठ्याने हसला.

घरचा वजनकाटा तिथून वीस पावलांवर, शेडमध्ये होता. त्याच काट्यावर आम्ही डाळिंबाची क्रेट तोलतो. शंभर किलोपर्यंत दाखवतो.

पहिल्या दिवशी गेटजवळचं काम माझ्या डोळ्यांसमोर झालं. खड्डा दोन फूट, काँक्रीट ओलं, खांब ओळंब्यात. कोपऱ्याच्या खांबाला दोन्हीकडून तिरके टेके दिले. जाळीच्या वर, मध्ये आणि खाली ताणतार ओवली. इतकं नीट काम पाहून संध्याकाळी मीच पोरांना जेवायला घातलं. दुसऱ्या दिवशी मला बाजार समितीत जायचं होतं. परत येईपर्यंत मागच्या तिन्ही बाजू उरकल्या होत्या. एका दिवसात सहाशेच्या वर फूट! मला त्यांच्या झपाट्याचं कौतुक वाटलं. बाकी रक्कम रात्रीच दिली, निम्मी फोनवरून त्याच्या खात्यात, निम्मी रोख.

परतीचा पाऊस झाला आणि खालच्या अंगाचे खांब कलू लागले. तिकडे आमची काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, आणि उथळ गाडलेली कोणतीही वस्तू हळूहळू वर ढकलते. एक खांब हाताने हलवला तर दाढ हलावी तसा हलला. उपटला. सात फुटी ठरलेला अँगल सव्वासहा फूट निघाला. खड्डा सव्वा फुटाचा. तळाशी काँक्रीट म्हणून जे होतं ते हाताने चुरगळत होतं. कोरडी खडी आणि सिमेंट टाकून वरून तांब्याभर पाणी ओतलं असणार. जाळीवरही तार जिथे तारेत अडकते तिथे तांबूस ठिपके दिसायला लागले होते.

वेल्डिंगवाल्याला बागेतच बोलावलं. त्याने मागच्या बाजूची तार मोजली, २.६. पुढे गेला, पुन्हा २.६. गेटजवळ आला, ३.२५. सोळा बंडलांपैकी पहिली दोनच दहा गेजची होती, जी मी पाहणार होतो ती. अँगलची जाडी पाचच्या जागी तीन.

आणि सोळा बंडलं म्हणजे ८०० फूट. मग ८६० फूट पुरी कशी पडली? ही गंमत मला नंतर कळली. जाळी जास्त ताणली की चौकटीची घरं आडवी फाकतात आणि उंची खाली येते. मागच्या बाजूला टेप लावली तर पाच फुटांची जाळी चार फूट सात इंच भरली. म्हणजे माझीच उंची कापून त्याने माझी लांबी भरून काढली होती.

मग तारेवरचं जस्त तपासायला मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, प्रयोग केला. फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आमच्याकडे असतोच. काचेच्या बरणीत त्याचं दाट निळं पाणी केलं, तारेचे दोन तुकडे कापडाने स्वच्छ पुसून मिनिटभर बुडवले, काढले, धुतले, पुन्हा पुसले. गेटजवळच्या तारेवर काळपट थर आला आणि बोटाने पुसला गेला. खाली जस्त शाबूत होतं. मागच्या तारेवर पहिल्याच बुडीत तांब्याचा लालसर रंग चढला, तो घासूनही निघेना. जस्त जिथे नाही तिथेच लोखंडावर तांबं असं चिकटतं. कापलेली टोकं दोन्ही तुकड्यांची लाल होतात, त्यावरून घाबरायचं नाही, मधला भाग बघायचा. प्रयोगशाळेतली चाचणी याच तत्त्वावर चालते. घरच्या बरणीवर कोर्टात भांडता येत नाही, पण तार लावण्यापूर्वी दहा मिनिटांत शहाणपण येतं.

रात्री हिशोब मांडला. अठरा बंडलं दहा गेजची यायला हवी होती, ७५६ किलो. आली ४७६. एकशे दहा खांबांत प्रत्येकी सुमारे तीन किलो कमी, म्हणजे ३३० किलो. सहाशे किलो लोखंड माझ्या बागेत आलंच नाही. त्या वेळच्या भावाने सेहेचाळीस हजार. दुकानदार फुटाला २१५ का म्हणत होते, तेही त्याच रात्री समजलं.

ठेकेदाराने पहिला फोन उचलला. "मालक, तुमच्याकडं बोअरचं पाणी खारं, त्याला तार काय करणार?" गेजबद्दल विचारलं तर म्हणाला, "दहा गेज हातबनावटीचं वेगळं, मशीनचं वेगळं." असं काही नसतं. मिलिमीटर हा मिलिमीटरच असतो. दुसरा फोन उचललाच नाही, आणि नंतर नंबर बंद.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, बिल आहे का, जीएसटी नंबर आहे का, दुकानाचा पत्ता? माझ्याकडे होती कच्ची पावती, यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोप, ज्यात तो कुठेही 'दहा गेज' हा शब्द उच्चारत नाही. फक्त "आपलं ठरलंय तसं". वकिलांमार्फत नोटीस पाठवली, 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे वकिलांनीच सांगितलं. पण समोरच्याचा धड पत्ता नसताना समन्स बजावायचं कुणावर? जे अठ्ठावीस हजार मी वाचवले होते, त्यांत हा पत्ता मिळाला असता.

यंदा काळ्या मातीकडची २४० फुटांची बाजू पुन्हा केली. सांगोल्यातल्याच दुकानातून, पक्क्या बिलावर. बिलात लिहून घेतलं: तार ३.२५ मिलिमीटर, घर ७५ मिलिमीटर, आयएस २७२१ (अशा जाळीचं भारतीय मानक), बंडलांची संख्या आणि एकूण वजन. घर मोजताना समोरासमोरच्या दोन तारांमधलं अंतर मोजायचं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नाही. तिरकं मोजलं तर तीन इंची घर सव्वाचार इंच दिसतं, आणि हे अज्ञान विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. प्रत्येक बंडल उतरल्यावर आधी आमच्या काट्यावर गेलं, मग बांधावर. ४१ किलो ६००, ४२ किलो १००, असे आकडे मुलीने वहीत मांडले. दुकानदाराला राग आला नाही, उलट त्यानेच एक बंडल परत नेलं, ३९ भरलं म्हणून. खड्डे मुरूम लागेपर्यंत घेतले, अडीच फूट. पैशाचा शेवटचा हप्ता एक पाऊस झाल्यावर, हे आधीच बोललो होतो. तो जरा कुरकुरला, पण तयार झाला.

मेहुण्याने कोल्हापुरात बंगल्याला हिरवी प्लास्टिक कोटिंगची जाळी लावली. त्याला 'दहा गेज' सांगितलं ते प्लास्टिकसकट. आतली तार चौदाची निघाली. तेव्हा कोटिंगची जाळी घेणार असाल तर एक टोक ब्लेडने सोलून आतली तार मोजा. दुकानदार 'का?' म्हणाला तर तिथेच पायरी उतरा.

काढलेली जुनी जाळी टाकून देववेना. तिच्यावर बायकोने दोडका चढवलाय, छान लागलाय. बाकीच्या बाजू अजून तशाच उभ्या आहेत, पैसे जमतील तशा बदलीन.

परवा मंगळवेढ्याच्या एका नातेवाइकाने व्हिडिओ पाठवून विचारलं, हा माणूस कसा आहे, स्वस्तात करतोय. तीच जाळी, त्याच उड्या. खालचा नंबर मात्र नवीन होता.