‘ब्लॅक वॉटर’ आणि ‘ब्लॅक वॉटर: अबिस’: कोणता पाहावा?

ऑस्ट्रेलियातील मगरींवरच्या या दोन भयपटांपैकी २००७ चा ‘ब्लॅक वॉटर’ अत्यंत कमी खर्चात तयार झाला आणि तीच त्याची ताकद ठरली. दोन बहिणी आणि थोरलीचा नवरा खारफुटीत नाव उलटल्याने एका झाडावर अडकतात. पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट ते झाड, खालचे गढूळ पाणी आणि कधी दिसेल याचा नेम नसलेली मगर एवढ्यावरच चालतो. खऱ्या मगरींचे चित्रीकरण कलाकारांच्या दृश्यांत मिसळल्यामुळे जनावर क्वचित दिसते, पण दिसते तेव्हा खरे वाटते. शिवाय, २००३ मध्ये फिनिस नदीकाठी मगरीने एका तरुणाचा बळी घेतल्यावर त्याचे दोन सोबती झाडावर अडकून पडले होते, त्या घटनेची छाया कथेवर आहे.

२०२० चा ‘अबिस’ अँड्र्यू ट्राउकी यांनीच दिग्दर्शित केला असला (पहिल्यात डेव्हिड नेर्लिक सहदिग्दर्शक होते), तरी तो निराश करतो. पुराने भरत जाणारी गुहा ही कल्पना वाईट नाही. मात्र आजारपण, गर्भारपण आणि मैत्रिणीच्या जोडीदाराशी असलेले संबंध यांची भर घालून लेखकांनी मगरीला पाहुणी करून टाकले आहे. अंधारात कोण कुठे आहे हेच कळेनासे झाल्यावर भीती तरी कशाची वाटणार? गुहेतून सुटका झाल्यानंतर मोटार नदीत कोसळवून जोडलेला शेवटचा हल्ला तर निव्वळ ओढूनताणून आणलेला आहे. एकच पाहायचा असेल, तर निःसंशय पहिला पाहावा; दुसरा गुहांची आवड असणाऱ्यांनी, तोही फारशी अपेक्षा न ठेवता.