पासवर्ड बदलला म्हणजे झालं असं समजू नका, माझे पावणेतीन लाख त्यातच गेले

उद्यमबागेत माझं लहान मशीनशॉप आहे, कास्टिंग आणून मशीनिंग करून कोल्हापूरच्या एका पार्टीला देतो. बेळगाव भागात माझ्यासारखे कितीतरी जण जीमेलवरच बिलं पाठवतात म्हणून सगळं सांगतोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

दोन महिन्यांपूर्वी ऑर्डरचा म्हणून एक मेल आला, ड्रॉइंग उघडायला गेलो तर परत गुगलचा पासवर्ड मागितला, कामाच्या गडबडीत मी टाकला. रात्री नऊला गुगलचा अलर्ट, कुठल्यातरी अनोळखी कॉम्प्युटरवरून लॉगिन झालंय. घाबरून लगेच पासवर्ड बदलला, अलर्ट पण बंद झाले, मग वाटलं सुटलो.

पण त्या दोन-तीन तासांत पासवर्ड चोरणाऱ्यानं आत जाऊन सेटिंगमध्ये एक फिल्टर करून ठेवला होता. पार्टीकडून येणारा प्रत्येक मेल गुपचूप त्याच्याकडे फॉरवर्ड. पासवर्ड बदलला तरी फिल्टर जात नाही हो! आणि मी सगळं मोबाईलवरच बघणारा, जीमेलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत, त्याला कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्येच जीमेल उघडावं लागतं.

पार्टीचा मेल आला की बिल मिळालं, मंगळवारी पेमेंट करतो. तो त्यालाही पोचला. त्यानं माझ्या पत्त्यात एक अक्षर जादा घालून नवीन आयडी काढला आणि त्यावरून 'सुधारित बिल' पाठवलं. ते बिल मी नंतर बघितलं, अंगावर काटा आला. माझंच लेटरहेड, माझाच जरा तिरका पडलेला निळा शिक्का, जुन्या बिलावरून उचललेला, फक्त बँकेच्या खात्याची ओळ थोडी ठळक होती.

शुक्रवारी मी पैशांसाठी फोन केला तर त्यांचा अकाउंटंट म्हणतो, "अहो दादा, मंगळवारीच टाकले की, तुमच्या नवीन खात्यावर." मला खालीच बसायला झालं. २,७४,००० रुपये, माझ्या चार कामगारांचे पगार त्यातनंच व्हायचे होते.

पैसे त्यांच्या खात्यातनं गेलेले, म्हणून त्यांनी तिकडनं लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पेमेंटचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर दिला. मी इथं सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात गेलो, माझं कन्नड बोलण्यापुरतं, म्हणून अर्ज लिहायला शेजारच्या शॉपमधल्या पोराला नेलं. तीन दिवस उलटून गेले होते, ५८,००० तेवढे पुढच्या एका खात्यात अडकवता आले, बाकीचे काढून झालेले. मंगळवारीच कळलं असतं तर बरेच वाचले असते, १९३० ला जितक्या लवकर फोन तितकं बरं.

तुम्हाला असा अलर्ट आला तर पासवर्ड बदलाच, पण तिथं थांबू नका. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही बघा, आपण केलेलं नसेल ते उडवा. मग गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, रिकव्हरीचा फोन आणि मेल आपलाच आहे का बघा, कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिलीय ते बघा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करणं, चालू करा. आणि त्याच दिवशी सगळ्या पार्ट्यांना फोन करा, हे मी लाजेपोटी केलं नाही आणि तेच सगळ्यात महागात पडलं.

आता प्रत्येक बिलावर मोठ्या अक्षरात छापतो, खातं बदललं असा मेल आला तर आधी मला फोन करा. उरलेल्या रकमेचं पार्टीशी निम्मं-निम्मं ठरलंय, अकरा वर्षांचा व्यवहार आहे म्हणून त्यांनी तेवढं तरी मानलं.