रीपरमध्ये आउटपुट कोणतं निवडावं: वासापी, आसिओ-फोर-ऑल की इंटरफेसचा आसिओ?

हाताशी विंडोज लॅपटॉप, यूएसबी मिडी कीबोर्ड आणि रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर एवढंच असेल, तर ऑडिओ इंटरफेससाठी (माइक आणि हेडफोन जोडायचं बाहेरचं साउंडकार्ड) लगेच खिशात हात घालू नका. फक्त व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली, वाद्यं वाजवायची असतील तर लॅपटॉपच्या साउंडकार्डावर भागतं. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गायचं असेल तर मात्र नाही.

रीपरचा आवाज साउंडकार्डापर्यंत कोणत्या वाटेने जायचा, ही निवड होते ती ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस या पानावर. वेव्हआउट आणि डायरेक्टसाउंड या जुन्या वाटा सोडून द्या. कळ दाबल्यावर सूर इतका मागून येतो की ठेका धरताच येत नाही.

वासापी विंडोजमध्येच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. शेअर्ड मोडमध्ये यूट्यूब आणि रीपर एकत्र ऐकू येतात, पण आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जात असल्याने उशीर वाढतो. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये तो टप्पा गळतो आणि बाकीचे प्रोग्रॅम गप्प होतात. सुरुवात इथूनच करावी. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पल्सचा बफर (एका वेळी पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. आवाज तडतडला तर बफर एकेक पायरी वाढवा. हे आकडे नुसत्या बफरचे. ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर आपला उशीर वर घालतात. गाताना इनपुटचा बफरही त्यात मिळतो, म्हणून वाजवताना चालून जाणारा उशीर गाताना बोचतो.

आसिओ-फोर-ऑल फुकट आहे, पण नावावर जाऊ नका: तो साउंडकार्डाचा खरा आसिओ ड्रायव्हर (कमी उशिरासाठी बनवलेली वाट) नव्हे, विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. ज्या सॉफ्टवेअरला आसिओच लागतो तिथे उपयोगी. रीपरला वासापी चालत असताना त्याची गरज सहसा पडत नाही. ब्राउझरने साउंडकार्ड धरून ठेवलं असेल तर इथे आवाजच येत नाही. आधी ब्राउझर बंद करा.

माइकसाठी इंटरफेस घेतलात, तर कंपनीच्या साइटवरून त्याचाच ड्रायव्हर उतरवा. १२८ सॅम्पल्सवर, म्हणजे २.९ मिलिसेकंदांवर, तो बहुधा निवांत चालतो. शिवाय डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल तर गायकाचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरता थेट हेडफोनमध्ये येतो. तेव्हा रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज दुहेरी येईल. ब्लूटूथ हेडफोन यातल्या कशावरही वापरू नका, बफर कितीही कमी केला तरी त्यांचा उशीर जात नाही.

आता मिडी. कीबोर्डातून आवाज येत नाही, कुठली कळ किती जोरात दाबली एवढाच निरोप येतो. म्हणून मिडी इनपुट्समध्ये कीबोर्ड इनेबल करा, ट्रॅकच्या इनपुटला तो निवडा, ट्रॅक आर्म करा (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा), मॉनिटरिंग चालू ठेवा आणि एफएक्समध्ये, म्हणजे ट्रॅकच्या प्लगइनच्या यादीत, वाद्य घाला. सरावाला रीपरसोबतच मिळणारा रीसिंथ चालेल. मास्टर ट्रॅकचं (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजाचं) मीटर हलतंय पण ऐकू काही येत नाही, तर बहुधा ऑडिओ आउटपुट चुकलंय. ते मीटरच हलत नाही, तर मिडीची वाट किंवा वाद्य तपासा. कीबोर्ड दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेला असू शकतो, कारण बरेच विंडोज ड्रायव्हर एक पोर्ट एका वेळी एकालाच देतात.

मिडी आउटपुट बाहेरचा सिंथ (स्वतः सूर तयार करणारं वाद्य) असेल तरच लागतं. तिथे मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल हा विंडोजमधलाच सिंथ निवडलात तर एक सूर वेळेवर आणि दुसरा त्याच्यामागून रेंगाळत येईल.